थर्माकोलसकट

"आई, आय नीड अ बिग बॉक्स." शुभ्राला शाळेसाठी अमेरिकेतली जुनी आगगाडी बनवायची होती.

घरात एकच खोका होता, टीव्हीचा. दुबईत मंदी आलेली. शार्दूलची नोकरी गेली तर टीव्ही पुण्याला कशात न्यायचा, म्हणून मी तो थर्माकोलसकट जपलेला.

"अगं, रूळ पश्चिमेला पोचले तसे लोक तिथे कायमचे राहायला गेले," शार्दूल म्हणाला. "परतीचे खोके नाही जपले त्यांनी."

मला लाज वाटली. "आपणही आता इथलेच," असं ठणकावून मी स्वतः कात्री चालवली.

सकाळी शुभ्राची बस सुटताच शेजारच्या रुखसारची बेल वाजवली. "तुझ्याकडे टीव्हीचा खोका असेल ना गं?"

"आहे, पण देणार नाय हां," ती हसली. "त्या आगगाडीपायी आलेली तू चौथी आई."