जुनी सही

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. लाकूड कापायच्या सॉमिलमधल्या करवतीत डॅडच्या उजव्या हाताची चार बोटं गेली आणि मालकानं त्याला घरी बसवलं. तेव्हापासून आमच्या ओरेगॉन राज्याचा कामगार आयुक्त कोण निवडून येतोय, एवढाच त्याचा ध्यास. म्हणतो, “त्या पदाला पक्षबिक्ष नाही, नुसता माणूस बघायचा!” मत टपालानं पाठवताना पाकिटावर त्यानं डाव्या हातानं सही केली. आज निवडणूक कचेरीतून पत्र आलं: सही जुळत नाही, पुन्हा करा, नाहीतर मत बाद. “जुनी सही करवतीकडे मागा म्हणावं!” डॅड हसला. मग त्यानं पेन माझ्याकडे सरकवलं. “शाळेच्या चिठ्ठ्यांवर माझी सही हुबेहूब ठोकायचीस, ठाऊक आहे मला. ठोक आता!” खोटी सही म्हणजे तुरुंग! उरलेल्या अंगठ्यानं त्यानं कागद दाबून धरला, माझी रेघ हलू नये म्हणून. तू काय केलं असतंस?