सांगितलं असतं तर

ग्राहक आयोगासमोर बानाबाई उभी राहिली, तशी तिची लेक साळूही शेजारी उभी राहिली. गळ्याची गाठ काढली तेव्हापासून बानाबाईचा आवाज गेला होता. घशातून नुसता वारा यायचा. ती लेकीच्या कानात बोलायची आणि साळू ते मोठ्यानं सांगायची. अध्यक्षांनी तशी परवानगी दिली होती.

डॉक्टरांच्या वकिलांनी संमतीचा कागद पुढं धरला. "हा अंगठा तुमचाच ना?"

"व्हय म्हणती."

"आवाज जाऊ शकतो, असं यात लिहिलंय."

"म्हणती, कागद इंग्रजीत. वाचून कुणी सांगितला नाय. नर्स म्हणली, लावा अंगठा, नंबर आलाय तुमचा."

इथवर ठीक चाललं होतं. फर्दापूरकडं मेंढरामागं जन्म काढलेली बाई, पण कुठं अडखळली नाही.

"बरं. समजा, डॉक्टरांनी सांगितलं असतं, की शंभरात एखाद्याचा आवाज जातो. मग ऑपरेशन केलं नसतं?"

सगळं घोडं इथंच पेंड खात होतं. केलं असतं म्हटलं, की केस गेली. बानाबाईचे वकील बद्रीनाथ यांनी 'नसतं केलं' एवढे दोन शब्द सकाळपासून तीनदा घोकून घेतले होते.

बानाबाईनं लेकीच्या कानाला तोंड लावलं. साळूनं वळून बद्रीनाथांकडं पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणती, केलंच असतं. घास उतरत नव्हता, झोपलं की दम कोंडायचा. मरायचं थोडंच व्हतं."

बद्रीनाथांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांच्या वकिलांनी कागद आवरायला घेतले.

"मग बाई, सांगून काय फरक पडला असता? तक्रार तरी कशाची आहे?"

बानाबाई पुन्हा लेकीकडं वळली. या खेपेला बराच वेळ लागला. ऐकता ऐकता साळूचा चेहरा उतरला.

"ऱ्हाऊ दे ना, माय," ती म्हणाली.

बानाबाईनं तिचा दंड धरला आणि अध्यक्षांकडं बोट केलं.

"म्हणती," साळू सांगू लागली, "दवाखान्यात निघायच्या सकाळी माझ्याकडून मेंढवाड्याची जाळी उघडी राहिली. कुत्र्यांनी दोन कोकरं नेली. तवा मायनं गल्लीभर ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या मला, अन् तशीच एकटी गाडीत बसली. म्हणती, तारीख देतानाच सांगितलं असतं, तर माझ्याशी नीट बोलून निघाली असती."