रक्तातलं भुंकणं

मांडव्याच्या जेटीवर चंदरने धर्माजी नाखव्याला गाठलं आणि हातातलं शहाळं त्याच्या नातीपुढे धरलं.

“घे गो बाय. अंगात जरा ताकद येल.”

प्रणालीने शहाळं घेतलं. चंदर हा धर्माजीच्या बोटीवरचा जुना खलाशी. बोटीच्या इंजिनाचा पट्टा घेऊन तो मुंबईहून आताच उतरला होता.

“आज सुई काय?”

“व्हय,” धर्माजी म्हणाला. “पंधरवड्याला जावंच लागतं.”

“आन् बोर्लीवाल्यांचं काय झालं?”

धर्माजीने मान खाली घातली. उत्तर प्रणालीनेच दिलं.

“न्हाय म्हणाले, चंदरकाका. परवा निरोप आला.”

बोर्ली पंचतनच्या अंबाजीने आपल्या परेशसाठी प्रणालीला पसंत केलं होतं. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात मुंबईच्या सुयांची गोष्ट त्याच्या कानावर गेली. अंबाजीने वाकडा शब्द काढला नाही. पोरगी सोन्यासारखी आहे, म्हणाला, पण दुखणं रक्तातून उतरणारं. उद्या नातवंडांना आलं तर?

“लोकांच्या जिभेला हाड न्हाय,” चंदर म्हणाला. मग नाखव्याच्या पाठीवर थाप मारून हसला. “पर आपला नाखवा ठणठणीत हाय, हीच दर्याची कृपा. न्हायतर आमचा पन बाळाजी झाला असता!”

बाळाजीची गोष्ट किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक. तो क्षयाने खंगला तसे त्याचे खलाशी एकेक करून उतरले. आजारी हाताचं सुकाणू दर्या मानत नाही, असं कोळीवाड्यात धरून चालतात. बोट पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, पडून राहिली. आता तिच्या सावलीत बकऱ्या बसतात.

धर्माजी हसला नाही.

मुंबईची बोट धक्क्यापासून दूर गेल्यावर प्रणालीने शहाळं आजाच्या हातात दिलं.

“तूच पी.”

“तुला दिलंय ना त्याने.”

“म्हणूनच सांगते, तू पी.”

त्याने एक घोट घेतला आणि शहाळं मांडीवर ठेवलं. ऊन चटकत होतं, तरी मुंबईला जाताना तो अलीकडे पूर्ण बाह्यांचाच सदरा घाली. सकाळी निघताना त्याच्या बायकोने, मनुबाईने, नातीच्या केसांत अबोली माळली होती, गालावरून हात फिरवला होता. नवऱ्याला मात्र नुसतं म्हणाली, “डबा पिशवीत हाय.” लग्न फिसकटल्यापासून ती त्याच्याशी तेवढंच बोलत होती. तिचा राग त्याला समजत होता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

हेमांगी डॉक्टरांनी पहिल्या खेपेलाच सगळं समजावलं होतं. जन्मापासून पेशींमध्ये एक पाचक रस कमी असतो. त्यामुळे चरबी साचत जाते, पाणथरी म्हणजे प्लीहा फुगून पोट जड होतं, हाडं ठणकतात. कुणाचं बालपणीच ध्यानात येतं, कुणाचं फार उशिरा.

“अंधारात चोर दिसत नाही, पण वाडीतली कुत्री भुंकायला लागतात ना?” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “तसंच हे. शरीराचे राखणदार चवताळले की रक्तात एक द्रव्य वाढतं. आम्ही ते भुंकणं मोजतो.”

धर्माजीला तेव्हापासून आपल्या घराभोवती कुत्री भुंकत असल्यासारखं वाटे. पाणवठ्यावर बायका प्रणालीला हंडा उचलू देत नसत. हळदीला बोलावत, पण नवरीजवळ बसवत नसत. पोर सगळं हसून घेई. ती हसली की त्याला आणखी मेल्यासारखं होई.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“छान! भुंकणं निम्म्यावर आलंय. औषध लागू पडतंय.”

प्रणालीने हात जोडले. तिचे डोळे भरून आले. डॉक्टर बाहेर गेल्या तसा धर्माजी घसा खाकरून म्हणाला, “बोर्लीला कळवू का मग?”

“काय कळवणार, आजा?”

त्याच्या डोळ्यांपुढे खलाशांनी भरलेली आपली बोट आली. मग पुळणीवरच्या बकऱ्या आल्या.

“मासळीचा हंगाम संपू दे,” प्रणाली लहान पोराची समजूत घालावी तशी म्हणाली. “मग बघू.”

“तवर परेशचं दुसरीकडे जमेल गो.”

“जमू दे.”

हे म्हणताना ती खिडकीबाहेर पाहत होती. धर्माजीला तिच्याकडे पाहण्याचा धीर झाला नाही.

नर्स औषधाची बाटली लटकवलेला स्टँड ढकलत आली.

“चला, हात पुढे करा.”

प्रणालीने पिशवी बाकावर ठेवली आणि पलंगावर आडव्या झालेल्या आजाच्या सदऱ्याची बाही हलक्या हाताने कोपराच्या वर सरकवली.