दहाव्या प्रकरणानंतर

फोन पुन्हा थरथरला. 'तुम्ही अठराव्या क्रमांकावर घसरलात. आज एक प्रकरण वाचा, चांदीचा तारा मिळवा.' औषधांच्या दुकानातल्या बाईने फोन पालथा ठेवला, गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं आणि फोन परत उलटून पाहिला.

दृष्टी नसलेल्यांसाठी लोक घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे आणि एका ॲपवर टाकायचे. तीही वाचायची. घरात शांतता नाही, म्हणून कपड्यांच्या कपाटात बसून. एका कादंबरीची दहा प्रकरणं झाली. तारे आले, प्रशस्तिपत्र आलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. मग तिने वाचणं सोडलं. तारे मात्र पाठ सोडेनात.

"एवढा जीव खालीवर होतोय, तर वाचून मोकळी हो," नवरा सकाळीच म्हणाला होता.

"कुणासाठी? हँगरसाठी?"

दुपारी ॲपच्या संयोजकांनी विचारलं, एक श्रोते बोलायचं म्हणतात, तुमचा नंबर देऊ का? ती हो म्हणून बसली आणि मग दुकान बंद होईपर्यंत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शटर ओढतानाच फोन आला.

"मी टेलिफोन ऑपरेटर होतो. नजर गेली, नोकरी गेली," पलीकडचा माणूस म्हणाला. "ताई, दहाव्या प्रकरणात तुम्ही त्या धाकटीला गाठोडं घेऊन माहेरच्या दारात उभी केलीत आणि गेलात. दार कुणी उघडतं की नाही?"

ती ओशाळली. "पुस्तक मिळतं बाजारात. घरातलं कुणी वाचून दाखवेल की."

"बहीण बसली होती वाचायला. दोन पानांत मीच थांबवलं. वाचते चांगलं, पण ती धाकटी वाटेना."

"मग इतके दिवस कळवलं का नाहीत?"

"कुणी वाचत असताना मधे बोलू नये, असं वाटायचं."

घरी आल्यावर पर्स खुर्चीत टाकून ती थेट कपाटात शिरली. तिने अकरावं प्रकरण उघडलं. दार बापाने उघडलं होतं. त्याने धाकटीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि बाजूला झाला.

त्या वाक्यावर तिचा आवाज कातर झाला. एरवी तिने ते पुसून पुन्हा वाचलं असतं. आज ती तशीच थांबली. बाहेर नवऱ्याने नळ सोडला, तेही रेकॉर्ड होत राहिलं. तिने पुढचं वाक्य वाचलं.