खाडाखोडीचे गुण

कस्तुरीच्या निबंधावर तपासणी यंत्राचा लाल दिवा लागला. पानावर एकही खाडाखोड नव्हती, आणि न अडखळता लिहितात ती यंत्रं, मुलं नव्हेत, असा बोर्डाचा नियम होता. लाल दिवा म्हणजे नापास.

"यंत्राकडून लिहून घेतलंस का गं?" वैजयंतीबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"नाही बाई. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे ना. रंगात खोडता येत नाही, म्हणून आधी सगळं मनात लिही म्हणायचे."

बाईंना ते पटलं, पण यंत्राला कोण समजावणार? बाकीची मुलं दोन-चार शब्द मुद्दाम खोडून मोकळी होत. बाईंनीच त्यांना तसं शिकवलं होतं.

त्यांनी पेन पुढे केलं. "एखादं वाक्य खोड, बाळा. कुठलंही चालेल."

"पण यात चुकलेलं काहीच नाही, बाई."

"तरी बघ जरा."

निबंधाचा विषय होता 'माझे बाबा'. कस्तुरीनं पान पहिल्यापासून वाचलं. पाट्यांवरची वळणदार अक्षरं, हातांना येणारा टर्पेंटाइनचा वास, दवाखान्यातली खिडकीजवळची खाट. शेवटच्या वाक्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग तिनं त्यावर सावकाश एक सरळ रेघ ओढली.

दिवा हिरवा झाला.

बाईंनी पान हातात घेतलं. रेघेखालूनही ते वाक्य स्पष्ट वाचता येत होतं. बाबा लवकरच बरे होऊन घरी येतील.