खरवडलेली पट्टी

बंदराचे मुख्य अभियंता त्या संशोधक बाईला सगळ्यांदेखत ‘जंतूबाई’ म्हणायचे. जंतूंनी पोलादावर दगडासारखा थर धरायचा आणि गंज थोपवायचा, हे ऐकूनच त्यांना हसू आवरायचं नाही.

वर्षभरानं तुलनेसाठी समुद्रात टांगलेल्या दोन पोलादी पट्ट्या वर काढल्या. साहेबांनी रंगवून घेतलेली पट्टी गंजानं पोखरली होती. बाईच्या पट्टीवर पांढरा, खरखरीत थर होता.

“बघा, कसला मळ साठलाय!” म्हणत साहेबांनी किल्लीनं तो खरवडला. आतलं पोलाद नव्यासारखं लखलखलं.

साहेबांनी किल्ली पुसून खिशात टाकली. “मी घासली म्हणून चकाकली!”

बाईनं नुसती वहीत नोंद केली. कुणाची अक्कल काढायची, तर ती मुळात असावी तरी लागते.