पोत्यातली वाळू

आई इस्पितळात गेल्यापासून बाबा रोज सकाळी वाळूचे पोते पाठीवर घेऊन आमच्या इमारतीचे तीन जिने चढतात. लिफ्ट नाही. शेजारचे काका कोपरखळी मारतात, "उतारवयात आखाड्यात उतरायचंय वाटतं?" बाबा नुसते हसतात.

दर रविवारी आईला भेटून आले, की ते पोत्यातली थोडी वाळू काढून बादलीत ओततात. अखेर न राहवून मी म्हणालो, "बाबा, व्यायामात वजन वाढवत नेतात. तुमचं उलटंच चाललंय."

"तिथला काटा तिचं जेवढं दाखवतो, तेवढंच ठेवतो. घरी आणताना तिला पाठीवरूनच वर आणावं लागणार ना."

त्यानंतर रविवारी मी त्या बादलीकडे पाहणे टाळू लागलो.

काल बाबा आले, चप्पलही न काढता बादलीपाशी बसले आणि त्यांनी दोन ओंजळी वाळू पोत्यात परत घातली.